लेझर बुक करण्याआधी हे वाचा (उत्तर लांबलंय, माफी असावी)

तुमच्या पोस्टमधलं शेवटून दुसरं वाक्य वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला. "मॅनेजर साहेब म्हणालेत, होऊन जाईल, तुम्ही मशीन बुक करून टाका." हेच वाक्य, जवळपास याच शब्दांत, मी जून २०१८ मध्ये ऐकलं होतं.

ज्यांनी मूळ पोस्ट वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यांचं नाशिकला अंबडमध्ये शीट मेटलचं युनिट आहे. विजेची पॅनेल बनवणारी एकच मोठी कंपनी गिऱ्हाईक. पाच वर्षांत स्वतःच्या नावाची एन्क्लोजर (पॅनेलचे पत्र्याचे डबे) बाजारात आणायची आहेत आणि त्यासाठी दिवाळीत फायबर लेझर, म्हणजे पत्रा कापायचं मशीन, घ्यायचा आहे. प्रश्न असा, की एप्रिलमध्ये केलेलं बजेट जुलैपर्यंत भलतीकडेच का जातं आणि पाच वर्षांच्या प्लॅनशी त्याचा मेळ कसा घालायचा.

मी सीए नाही, बँकेत कधी नोकरी केलेली नाही. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला माझं मशीन शॉप आहे, फाउंड्रीतून कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) विकत घ्यायचं, मशिनिंग करून द्यायचं, एवढाच धंदा. त्यामुळे खालचं सगळं एका माणसाचा अनुभव म्हणून वाचा. आकडे जरा गोल केलेत. कॅश फ्लोची शीट करा, खर्च महिन्याप्रमाणे मांडा, हे सांगत बसत नाही. ते तुम्ही करताच, पोस्टवरून दिसतंय.

तर माझाही पाच वर्षांचा प्लॅन होता. २०१७-१८ ला माझ्या विक्रीतला ७८ टक्के माल एकाच ट्रॅक्टर कंपनीला जायचा. ठरवलं होतं की पाच वर्षांत हा आकडा ५० वर आणायचा आणि पंप-व्हॉल्व्हच्या बॉडी करायच्या. त्यासाठी मोठ्या टेबलाचं, फोर्थ ॲक्सिसचं व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) लागणार होतं. किंमत ६२ लाख. बँकेला फाइल दिली: १५.५ लाख माझे, ४६.५ लाख टर्म लोन. मॅनेजर चांगला माणूस होता, चहा पाजला, म्हणाला तीन आठवड्यांत सँक्शन, म्हणजे मंजुरी, येईल. मी मशीनवाल्याला ॲडव्हान्स दिला.

ऑगस्टमध्ये मशीन तयार झालं. लोनचा पत्ता नाही. फाइल शाखेतून वरच्या कार्यालयात गेली होती, आणि तिथून दर दहा दिवसांनी एक नवी क्वेरी. आधी प्रदूषण मंडळाच्या कन्सेंटची (संमतीपत्राची) कॉपी. ती दिली, तर प्लॉटच्या तारणाला एमआयडीसीची ना-हरकत. ती आणायला दोन महिने. तोवर कोटेशनची मुदत संपली, नवं आणा. मग तो चहा पाजणारा मॅनेजर बदलून गेला. नव्याने पहिल्या भेटीत विचारलं, "तुमची फाइल नेमकी कशासाठी आहे?" बँकेचं नाव घेत नाही. घेऊन काही उपयोग नाही, दुसरीकडे हे होत नसेल असंही नाही.

इकडे मशीनवाला म्हणतोय, महिन्याच्या आत उचला, नाहीतर दुसऱ्या पार्टीला देतो आणि तुम्हाला जानेवारीचा नवा भाव. मी पैसे भरले. सीसीमधून, म्हणजे रोजच्या खेळत्या भांडवलासाठी असलेल्या बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून.

माझी सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. त्यावेळी ती चूक वाटलीच नाही. लोन येतंय, आलं की सीसी भरून टाकू, दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न, असा हिशोब होता.

हिशोब नीट मांडतो, कारण तुमचा लेझर लहान असो वा मोठा, गणित तेच आहे. मशीन ६२ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ११.१६ लाख. एकूण ७३.१६. (हे ११ लाख माझ्या बजेटमध्ये नव्हतेच. "क्रेडिट मिळतंय की" म्हणून सोडून दिले होते. क्रेडिट मिळतं, पण पुढच्या विक्रीच्या जीएसटीतून वळतं करून घेत घेत. मशीनवाल्याला मात्र एकरकमी द्यावे लागतात.) माझे १५.५ लाख एफडी मोडून दिले. सीसीत आधीचे ३२ लाख वापरलेले होते, त्यावर ४१ लाख आणखी काढले, म्हणजे ७५ च्या लिमिटमध्ये ७३. उरलेले साधारण १७ लाख कुठून आले? फाउंड्रीवाल्यांचे आणि टूलवाल्यांचे पैसे थांबवले.

महिनाअखेरचं स्टॉक स्टेटमेंट (माल, येणं आणि देणं किती, हे बँकेला कळवायचा कागद) १० तारखेला दिलं. दोन दिवसांनी शाखेतून फोन, येऊन जा. तिथल्या ऑफिसरने काही न बोलता स्क्रीन माझ्याकडे फिरवली. स्टॉक ३८ लाख, त्यातून क्रेडिटर्स, म्हणजे मालवाल्यांचं देणं, ३४ लाख वजा, राहिले ४. त्याचे ७५ टक्के म्हणजे ३ लाख. गिऱ्हाइकांकडून येणं ७१ लाख, त्यातलं ९० दिवसांवरचं ९ लाख बाद, उरलेल्या ६२ चे ७५ टक्के म्हणजे ४६.५. ड्रॉइंग पॉवर (डीपी), म्हणजे या माल-येण्याच्या जोरावर सीसीतून प्रत्यक्ष वापरता येणारी रक्कम, ४९.५ लाख. वापरलेले ७३. "लिमिट ७५ चं आहे ना?" असं मी विचारलं. तो म्हणाला, "लिमिट कागदावर असतं साहेब, चालतं डीपीवर."

क्रेडिटर्सचे पैसे थांबवून मी पैसे वाचवले नव्हते, स्वतःचीच डीपी खाल्ली होती. १६ लाखांचे क्रेडिटर्स ३४ वर गेले, तेवढ्यानेच साडेतेरा लाखांची डीपी उडाली. पंधरा वर्षं धंदा करून हे मला माहीत नव्हतं, लिहायला लाज वाटते पण लिहितो. हातातल्या कामाचे पैसे मी लोखंडात, म्हणजे मशीनमध्ये, घातले होते आणि मशीन स्टॉक स्टेटमेंटमध्ये येत नाही.

त्याच आठवड्यात फाउंड्रीला दिलेला माझा चेक परत गेला. फाउंड्रीवाले वडिलांच्या वेळचे, आम्ही त्यांना मामा म्हणतो. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "इथून पुढं टेम्पो पाठवताना पैसे सोबत पाठव." त्यांनी शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण खरं नुकसान पुढे आहे. मशीन आलं, खंडेनवमीला पूजाही झाली. ते पंप बॉडीसाठी होतं. एका पंपवाल्याचे पाच सॅम्पल करून द्यायचे होते, फिक्स्चरचे (मशीनवर भाग पकडून ठेवायच्या साच्याचे) २.८० लाख, शिवाय टूलिंग, आणि सेटिंगला तीन-चार आठवडे मशीन अडकणार. हातात पैसा असता तर केलं असतं. पण डीपी तुटलेली, पगार पुढच्या शनिवारी, आणि ट्रॅक्टर कंपनीचा परचेसवाला रोज फोन करतोय की शेड्यूल वाढलंय, कपॅसिटी द्या. त्यांचं पेमेंट ४५ दिवसांत यायचं. पंपवाल्याचं सॅम्पल पास होऊन पहिली ऑर्डर यायलाच आठ महिने. तुम्ही काय केलं असतं? मी तेच केलं. नव्या मशीनवर जुन्याच गिऱ्हाइकाचं हाउसिंग लावलं, "फक्त या महिन्यापुरतं." तो महिना दोन वर्षं चालला.

लोन मार्चमध्ये आलं, मशीन तयार झाल्यावर सात महिन्यांनी, आणि ते ३० लाखांचंच. मशीन आधीच घेतलंय, वापरात आहे, मग पूर्ण रक्कम कशी देणार, असा वरून शेरा. २०१९ ला गाड्यांच्या धंद्यात मंदी आली, ट्रॅक्टरही घसरले, शेड्यूल १८०० पीसवरून ११०० वर. ऑगस्टमध्ये पूर. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, पुण्याकडे जाणारा माल जवळपास आठवडाभर गेटच्या आत. मग मार्च २०२० चं लॉकडाउन. मोरॅटोरियम (हप्त्यांना मिळालेली स्थगिती) आणि नंतर मिळालेलं ते सरकारी हमीचं २० टक्के वाढीव कर्ज नसतं, तर हे उत्तर लिहायला मी नसतो, म्हणजे धंद्यात नसतो. २०२०-२१ अखेर त्या एका गिऱ्हाइकाचा वाटा किती होता सांगू? ८४ टक्के. ७८ वरून ५० कडे निघालेला माणूस ८४ ला पोचला, तेही ५० कडे नेणारं मशीन घेऊन.

म्हणून माझं मत जरा टोकाचं आहे, पटलं नाही तर सोडून द्या. लांबचा प्लॅन म्हणजे कोणतं मशीन घ्यायचं हे नाही. ते मशीन कोणासाठी किती तास चालणार, आणि ते तास जुन्या गिऱ्हाइकाला न दिल्याने या वर्षी किती पैसे बुडणार, हे बजेटमध्ये आकड्यात लिहिलेलं असेल तरच त्याला प्लॅन म्हणायचं. आता मी असं करतो: त्या व्हीएमसीचे महिन्याला ८० तास नवीन कामाच्या नावाने बुक. तासाला ५०० रुपये धरले तर महिन्याचे ४० हजार, वर्षाचे ४.८० लाख. हे बजेटमध्ये खर्च म्हणून दिसतात, "नवीन गिऱ्हाईक विकास" या नावाने, पगार आणि लाइट बिलाच्या ओळीत. परचेसवाल्याचा फोन आला की सुपरवायझरला मला विचारावं लागत नाही, ते तास विकलेले आहेत. पहिल्या वर्षी दोनदा मी स्वतःच ते तास मोडले, खोटं कशाला बोलू. पण मोडले तेव्हा वहीत दिसलं की मोडले.

तुमच्या बाबतीत हे आणखी सोपं आहे. लेझर आल्यावर पॅनेल कंपनी म्हणेलच की आता बाहेरचं कटिंगही तुम्हीच करा. चांगला भाव देतील. पहिल्या दिवसापासून एन्क्लोजरचे तास बाजूला काढले नाहीत तर तुमचा लेझर हा त्यांचा लेझर होणार, हप्ता मात्र तुमचा.

दुसरं, बजेट मार्चमध्ये करू नका. मार्चमध्ये डोकं ठिकाणावर नसतं, सीए मागे लागलेला, डिस्पॅचचा मारा. मी दिवाळीनंतर करतो, सहा महिन्यांचे खरे आकडे हातात असतात, आणि दर तिमाहीला पुढचे बारा महिने पुन्हा मांडतो. आणि मोठं गिऱ्हाईक दरवर्षी दोन-तीन टक्के भाव कमी करून मागतं, ते पाचही वर्षांसाठी आधीच धरून ठेवा. हे धरल्यावर पाचव्या वर्षी आहे त्या कामात काय उरतं ते बघा. मला जे दिसलं त्यानंतर कन्सल्टंटची गरज राहिली नाही. कन्सल्टंटवरून आठवलं, मीही एकाला दीड लाख दिले होते. स्पायरल बाइंडिंग, रंगीत त्रिकोण, व्हिजन, मिशन, बॅलन्स्ड स्कोअरकार्ड. चाळीस पानांत ड्रॉइंग पॉवर हा शब्द एकदाही नव्हता. सगळे असे नसतील. मला भेटलेला होता.

बँकेसाठी केलेला सीएमए (कर्ज मागताना द्यायचा पुढच्या विक्री-खर्चाचा अंदाज) आणि आपलं खरं बजेट हे दोन वेगळे कागद असतात, हे सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही. माझ्या सीएमएत दरवर्षी विक्री १५ टक्क्यांनी वाढत होती, कारण लिमिट विक्रीच्या २० टक्क्यांच्या हिशोबाने मिळतं. पण त्या फुगवलेल्या विक्रीला लागणारा स्टॉक आणि उधारी मी कधी मांडलीच नव्हती. आता एकच कागद करतो. लिमिट कमी मिळतं. झोप लागते.

एक जोडसल्ला, कारण मी २०१८ ला केलं ते आज केलं तर आणखी महाग पडेल. २०२३-२४ ला आयकरात ४३बी(एच) हे कलम आलं. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत, आणि ३१ मार्चला ते थकलेले असले, तर तो खर्च त्या वर्षी धरला जात नाही, प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी धरतात. म्हणजे पत्रेवाल्याचे पैसे थांबवून लेझर घेतलात तर डीपी तर जाईलच, वर न कमावलेल्या नफ्यावर टॅक्स. नुसता ट्रेडर असेल तर हे लागू नाही, पण तुमच्या सीएला विचारा, माझ्या भरवशावर राहू नका. तसंच तुमच्या पॅनेल कंपनीकडे तुमचं उद्यम सर्टिफिकेट (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचं) पोचलंय का तेही बघा, हा नियम तुमच्या बाजूनेही चालतो.

आता लेझरबद्दल. सँक्शन लेटर हातात. मॅनेजरचा शब्द नव्हे, व्हॉट्सॲप नव्हे, सहीशिक्क्याचं पत्र, आणि त्यातल्या अटी वाचून. जीएसटीची रक्कम लोनमध्ये आहे की तुमच्यावर, ते त्यात शोधा. एमआयडीसीची ना-हरकत लागणार असेल तर आजच अर्ज करा, लोनची वाट बघू नका. मशीनवाल्याच्या ऑर्डरवर लिहून घ्या की लोन ठरावीक तारखेपर्यंत आलं नाही तर ॲडव्हान्स परत. तो कुरकुर करेल. माझ्या पुढच्या मशीनच्या वेळी माझ्या मशीनवाल्याने या अटीवर सही केली, त्याच कंपनीच्या त्याच सेल्सवाल्याने.

तुम्ही ॲडव्हान्स दिलाय की अजून नाही, ते पोस्टमध्ये लिहिलेलं नाही. दिला असेल तर किती आणि कोणत्या खात्यातून, ते आधी सांगा. सीसीतून दिला असेल तर या महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट जाण्याआधी सांगा.