निक डेंजर, जुना रेडिओ आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात 'फायरसाइन थिएटर' या लॉस एंजेलिसच्या चौघा विनोदी कलाकारांच्या ग्रुपच्या एका रेकॉर्डबद्दल लिहिलं होतं. 1969 ची एलपी, कोलंबिया कंपनीची, आणि तिच्या एका अख्ख्या बाजूवर निक डेंजर नावाच्या खासगी गुप्तहेराची गोष्ट, म्हणजे 1940 च्या दशकात अमेरिकेत रेडिओवर ज्या डिटेक्टिव्ह मालिका लागायच्या त्यांचं विडंबन. त्यावर इतके प्रश्न आलेत की यावेळचं सदर सगळं त्यालाच देऊन टाकलंय.

प्रश्न : तुमचं वाचून निक डेंजर ऐकायला घेतली. इंग्रजी मला चांगलं समजतं, पण लोक हसतात ते नेमकं कशाला हेच कळेना, दहा मिनिटांत बंद केली. काय चुकलं? (वाचक, पुणे)

उत्तर : चुकलं काहीच नाही. ही रेकॉर्ड ज्यांनी केली आणि ज्यांच्यासाठी केली ते सगळे असल्या मालिका ऐकत लहानाचे मोठे झालेले होते आणि तुम्ही त्या ऐकलेल्याच नाहीत, एवढंच. तेव्हा माझं ऐका, आधी एखादी मूळ मालिका ऐका, 'सॅम स्पेड' घ्या किंवा 'जॉनी डॉलर', इंटरनेट आर्काइव्हवर फुकटात भरपूर भाग आहेत. दोनतीन भाग झाले की ती वाजणारी ऑर्गन, तो भारदस्त निवेदक, ऑफिसात येणारी गूढ बाई, मूर्ख पोलीस लेफ्टनंट हे सगळं कानात बसतं, आणि मग परत निक डेंजर लावा.

सुरुवातीची दोन मिनिटं तर अगदी कान देऊन ऐका. निवेदक हिरोची एंट्री करतोय, निक धुक्यातून बाहेर पडतो आणि शिरतो कुठे, तर स्मॉगमधे, कारण शहर लॉस एंजेलिस. मग निवेदक एकामागून एक जड क्रियाविशेषणं फेकायला लागतो, 'रूथलेसली' (निर्दयपणे) म्हटल्यावर निक मधेच पुटपुटतो की ही रूथ कुठं असेल बरं, 'डॉगेडली' (चिकाटीने) म्हटल्यावर कुत्रं भुंकतं. फोर्थ आणि ड्रकरच्या कोपऱ्यावर तो डावीकडे वळतो, लगेच ड्रकर आणि फोर्थच्या कोपऱ्यावर उजवीकडे, म्हणजे तोच चौक! मग मॅकआर्थर पार्क ओलांडून तो एका मोठ्या दगडी इमारतीत 'वॉक्स इन्टू' करतो आणि धाड, ओरडतो की माझं नाक. इंग्रजीत त्याचा अर्थ आत शिरणं पण होतो आणि जाऊन आपटणं पण होतो, आणि इथं निवेदक जे बोलेल ते शब्दशः घडत जातं. रेडिओत खरंच तसंच असतं ना, डोळ्यांना काही दिसत नाही, निवेदक बोलला की तेच जग. या चौघांनी ते अगदी मनावर घेतलं आणि माझ्या मते अख्ख्या रेकॉर्डची किल्ली तिथंच आहे.

पुढे तो आपल्या ऑफिसच्या दारावरची पाटी वाचतो, 'रेगनॅड किसिन' असं काहीतरी. काचेच्या दारावरचं नाव आतून वाचलं की उलटंच दिसणार, इंग्रजी अक्षरांत निक डेंजर उलटं वाचा. आणि माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे सांता बार्बराची. निक म्हणतो की पानाच्या वरच्या टोकापासून सांता बार्बरात बर्फ पडत होता आणि मला बुटांवरचं कॉर्नफ्लोअर झटकावं लागलं. आता बघा या एका वाक्यात किती गोष्टी आहेत. सांता बार्बरा दक्षिण कॅलिफोर्नियात, समुद्रकाठी, तिथं बर्फ कुठला. 'पानाच्या वरच्या टोकापासून' म्हणजे हा माणूस स्क्रिप्ट वाचतोय हे तो स्वतःच सांगून टाकतो. आणि कॉर्नफ्लोअर का, तर रेडिओ स्टुडिओत बर्फातून चालण्याचा आवाज कॉर्नफ्लोअरची पिशवी दाबूनच काढायचे, तो कच-कच आवाज हुबेहूब येतो. म्हणजे श्रोत्याला जो बर्फ ऐकू येतोय तो निकच्या बुटांना पीठ म्हणूनच चिकटलेला आहे. मला हे ऐकून दरवेळी त्या लोकांबद्दल फार प्रेम वाटतं, रेडिओ आतून माहीत असल्याशिवाय असं सुचतच नाही.

प्रश्न : मूळ मालिकाच किती नाटकी असायच्या! मग त्यांचं विडंबन करायला उरतं काय? (वाचक, ठाणे)

उत्तर : चांगला प्रश्न. नाटकी होत्याच, आणि करणाऱ्यांना ते पक्कं माहीत होतं. 'पॅट नोव्हॅक' मधला जॅक वेब दर दुसऱ्या वाक्याला इतक्या भन्नाट उपमा द्यायचा की आज ऐकताना वाटतं हेच विडंबन आहे. 'सॅम स्पेड' मधला हॉवर्ड डफ आपल्या सेक्रेटरीला, एफीला, केसचा रिपोर्ट डिक्टेट करायचा तेव्हा दोघांची चेष्टामस्करी चालूच. जॉनी डॉलर विम्याच्या केसेस तपासायचा, तर त्याची सगळी गोष्टच खर्चाच्या हिशोबातून, टॅक्सीचे इतके डॉलर, हॉटेलचे इतके, असं सांगितली जायची.

म्हणून नुसती नक्कल केली, कोट-हॅट-सिगारेट, घोगरा आवाज, तर ती फिकी पडते, मूळच जास्त रंगतदार असतं. फायरसाइनवाल्यांनी गुप्तहेराची नाही तर रेडिओची थट्टा केली, आणि अशी बरीच विडंबनं ऐकल्यावर माझं मत पक्कं झालंय की टिकतात ती हीच. गोष्टीच्या मधेच निकला शंका येते की हे वाक्य मी रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला बोललो होतो की काय, तो तपासून बघतो, आपल्याला उलट्या फिरवलेल्या रेकॉर्डचा आवाज येतो, आणि निर्णय होतो की काळजी नको, तिकडे चिनी भाषेत बोलतायत. हा विनोद एलपीवरच होऊ शकतो. तसंही अर्ध्या तासाचा रेडिओचा भाग आणि एलपीची एक बाजू यांची लांबी जवळपास सारखीच, निक डेंजर 28 मिनिटांच्या आसपास आहे, म्हणजे अख्खा एपिसोड एका बाजूत नीट बसतो.

आणि वेळ पण बघा. 'जॉनी डॉलर'चा शेवटचा भाग 30 सप्टेंबर 1962 ला लागला, अमेरिकेत जुन्या रेडिओनाट्याचा शेवट लोक त्याच दिवसापासून धरतात. त्यानंतर सातच वर्षांनी ही रेकॉर्ड. चौघं म्हणजे फिल ऑस्टिन, पीटर बर्गमन, डेव्हिड ऑसमन आणि फिलिप प्रॉक्टर, जन्म 1936 ते 1941 मधले, म्हणजे लहानपणी रेडिओला कान लावून बसलेली शेवटची पिढी. चौघांच्याही राशी पाश्चात्त्य पद्धतीने अग्नितत्त्वाच्या, मेष, सिंह, धनु, त्यावरूनच ग्रुपचं नाव पडलं. निकचा आवाज ऑस्टिनचा आणि म्हाताऱ्या बटलरचा, कॅथरवुडचा, ऑसमनचा. खलनायक रॉकी रोकोको आणि 'सगळे जिला नॅन्सी म्हणून ओळखत' ती बाई या दोन्ही गोष्टी बीटल्सच्या 1968 मधल्या एका गाण्यातून उचललेल्या, त्यामुळे रेडिओ न ऐकलेल्या तेव्हाच्या कॉलेजच्या पोरांना पण धरायला काहीतरी होतं.

प्रश्न : असं विडंबन यांनीच पहिल्यांदा केलं का? (वाचक, नागपूर)

उत्तर : छे, खूप आधीपासून चालू होतं. 'मिस्टर कीन, ट्रेसर ऑफ लॉस्ट पर्सन्स' ही मालिका 1937 ते 1955 चालली आणि ती रेडिओवर चालू असतानाच बॉब आणि रे हे दोघं विनोदवीर रेडिओवरच 'मिस्टर ट्रेस, कीनर दॅन मोस्ट पर्सन्स' करायचे.

पण रेकॉर्ड म्हणून बघायचं तर स्टॅन फ्रीबर्ग या विनोदी कलाकाराची 1953 ची 'सेंट जॉर्ज अँड द ड्रॅगनेट' पहिल्यांदा ऐकाच, तीनेक मिनिटांची आहे आणि तुमच्यासारख्या नवीन माणसाला सोपी पडेल. 'ड्रॅगनेट' ही जॅक वेबची पोलीस मालिका, 1949 ला रेडिओवर सुरू झाली, नंतर टीव्हीवर, त्यात पोलीस कसे भावना न दाखवता तुटक-तुटक बोलतात ते अमेरिकेत घरोघरी माहीत होतं. फ्रीबर्गने ते जसंच्या तसं उचलून सेंट जॉर्ज आणि ड्रॅगनच्या, म्हणजे ड्रॅगनला मारणाऱ्या शूर संताच्या, जुन्या दंतकथेवर बसवलं. मालिकेचं ते प्रसिद्ध चार सुरांचं संगीत वॉल्टर शूमनचं, या रेकॉर्डलाही संगीत त्याचंच, त्यामुळे वाजायला लागलं की खरी मालिकाच लागली असं वाटतं. शेवटी जॉर्ज ड्रॅगनला पकडतो, आरोप काय तर शिकारीचा सीझन नसताना कुमारिका खाल्ल्या! ड्रॅगन आरडाओरडा करतो की तुम्ही हे सिद्ध करू शकणार नाही, तर जॉर्ज त्याच सपाट आवाजात सांगतो की तुझ्यावर अजून एक कलम आहे, 412. म्हणजे काय? ओव्हरॲक्टिंग. चल.

डॉज बटलर आणि जून फोरे हे पुढे कार्टूनच्या आवाजांसाठी गाजलेले दोघं पण त्यात आहेत. 1953 च्या ऑक्टोबरमधे ही रेकॉर्ड 'बिलबोर्ड' या अमेरिकन संगीत मासिकाच्या यादीत पहिल्या नंबरवर होती, गाण्यांच्या यादीत बरं का, आणि त्यात एक ओळ कोणी गात नाही.

प्रश्न : आमच्या वेळी विविध भारतीवर 'इन्स्पेक्टर ईगल' लागायचं. तो या अमेरिकन मालिकांचाच भाऊ म्हणायचा का? (ज्येष्ठ वाचक, सोलापूर)

उत्तर : काका, तुमच्या पत्राने फार आनंद झाला. एका बाबतीत तर सख्खा भाऊ, तो म्हणजे प्रायोजक. विविध भारतीवर जाहिराती 1 नोव्हेंबर 1967 पासून सुरू झाल्या, मुंबई, पुणे, नागपूरला पहिल्यांदा, आणि नंतर असे प्रायोजित कार्यक्रम आले. ईगल थर्मासवाल्यांचा म्हणून इन्स्पेक्टरचं नावच ईगल. तिकडे सॅम स्पेड वाइल्डरूट नावाच्या केसांच्या क्रीमवर चालायचा आणि ती जाहिरात ऐकल्याशिवाय खुनी कोण ते कळायचं नाही.

निक डेंजरमधे त्याचीही थट्टा आहे, ऐन मोक्याच्या क्षणी गोष्ट थांबवून लूस्टनर्स कॅस्टर ऑइल फ्लेक्सची जाहिरात येते, कॅस्टर ऑइल म्हणजे आपलं एरंडेल, त्याचे फ्लेक्स कसे करणार ते विचारू नका, पण आवाजात इतका खरा उत्साह आहे की विकत आणावेसे वाटतात. इन्स्पेक्टर ईगल ऐकलेल्या माणसाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

प्रश्न : आमच्या न्यू जर्सीच्या मंडळात अशी अर्ध्या तासाची मराठी गुप्तहेर श्रुतिका स्टेजवर, माइकसमोर, करायचा विचार आहे. काय काळजी घ्यावी? (वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : जरूर करा. पहिली गोष्ट, कोणीही विनोदी आवाज काढायचा नाही. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. निक डेंजर ऐका, ऑस्टिन जीव ओतून गुप्तहेर करतोय, त्याला माहीतच नाही की हा विनोद आहे. एक जण जरी प्रेक्षकांकडे बघून हसला की संपलं.

दुसरं म्हणजे आवाज खरे करा, मोबाइलवरून डाउनलोड केलेले नकोत, प्रेक्षकांना ते करताना दिसले पाहिजेत. कापडी पिशवीत कॉर्नफ्लोअर घालून माइकजवळ दाबा, बर्फ झाला. घोड्याच्या टापांना नारळाच्या करवंट्या. आग हवी असेल तर चुरचुरणारा सेलोफेनचा कागद हळूहळू चुरगाळा. एक छोटी दाराची चौकट कडीकुलुपासकट बनवून घ्या, जुन्या स्टुडिओत ती असायचीच, टेबलावर ठोकलेलं दार आणि खरं दार यात कानाला लगेच फरक कळतो. आवाज करणारा माणूस तुमचा सगळ्यात टायमिंग असलेला माणूस पाहिजे, हिरोपेक्षाही, कारण आवाज अर्धा सेकंद उशिरा आला की विनोद गेला, आणि मुद्दाम उशिरा आणायचा असेल तर तोही नेमका तेवढाच उशिरा यायला हवा. सगळ्यात कमी बोलणाऱ्याला आवाजांवर बसवायचं, असं करू नका.

ऑर्गन नसेल तर पेटी चालेल, माझ्या मते उलट जास्त छान, फक्त वाजवणाऱ्याला सांगा की प्रत्येक धक्कादायक वाक्यानंतर एकच लांब सूर, गाणं नाही.

आणि शेवट धाडसी ठेवा. निक डेंजरचा शेवट म्हणजे गोष्ट रंगात आलेली असताना कार्यक्रम तोडून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट बोलायला येतात, पर्ल हार्बरवर हल्ला झालाय, आणि ते जाहीर करतात की अमेरिका जपानला बिनशर्त शरण जातेय! 1969 ला व्हिएतनामचं युद्ध ऐन भरात असताना कॉलेजच्या पोरांनी हे ऐकलं तेव्हा ते नुसतं रेडिओचं विडंबन राहिलं नसणार. तुमच्या श्रुतिकेतही निवेदक कुठेतरी मोडला पाहिजे, स्क्रिप्टचं पान हरवू दे, नाहीतर गुप्तहेराला निवेदकाचं बोलणं ऐकू यायला लागू दे. स्क्रिप्टचा पहिला खर्डा झाला की पाठवा, मनापासून वाचीन, आणि रिहर्सलचं रेकॉर्डिंग असेल तर तेच आधी पाठवा.