पाणी दिसतं म्हणून जमीन घेऊ नका

ताई, चापडगावच्या बाजूने नांदूर मध्यमेश्वर धरणाचं पाणी बघून तुम्ही हरखलात आणि तिथेच शेतजमीन घ्यायचं म्हणता, ते समजू शकते. मीही अशीच आले होते. पण आधी वर्षभर निफाडात भाड्याने राहा. जानेवारीत पक्षी असतात, सगळं गोड वाटतं. पावसाळ्यात गोदावरी-कादवेचा फुगवटा कुठवर चढतो, ते स्वतः बघा.

कागदांचं आधी. तुमच्या नावावर सातबारा नसेल, तर शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही. शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. "करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला मी इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन बसले होते. आठ महिने गेले परत मिळवण्यात. फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी), सातबाऱ्यावर इतर हक्कात लिहिलेले कर्जाचे बोजे आणि वहिवाटीचा रस्ता वकिलाकडून तपासा. रस्ता तर नक्कीच, भांडणं तिथेच होतात. पक्षी अभयारण्य खेटून आहे, ते रामसर स्थळही आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. बांधकामाचं वनखात्याला आधीच विचारा.

समोर पाणी आहे म्हणून मोटार टाकता येत नाही. उपशाला पाटबंधारे खात्याची परवानगी लागते.

द्राक्षाचं लगेच मनात आणू नका. ऑक्टोबर छाटणीनंतर ढग आले की रोगाच्या भीतीने फवारणीचे ब्लोअर पहाटेपासून सुरू, घराच्या खिडक्या बंद. थंडी कडक पडली की बाग वाचवायला शेकोट्या. पहिल्या वर्षी कांदा, भाजीपाला बरा. आणि उसाच्या कडेने रात्री एकट्या फिरू नका, बिबट्या असतो.