बॉम्बर कोसळताना पायलट उडी का मारत नसे?

तुम्ही विचारलंय की सिनेमात बॉम्बर पडायला लागला की बाकीचे पटापट उड्या मारतात आणि पायलट जागेवरच बसून राहतो, हे खरंच व्हायचं की रडवण्यासाठी दाखवतात? व्हायचं. कारण शौर्याइतकंच यंत्राचंही आहे.

माझे मामा लोहगावला कॅनबेरा या बॉम्बर विमानांवर फिटर होते. दोन इंजिनांतलं एक बंद पडलं की काय होतं, हे ते बैलगाडीवरून सांगायचे. एक बैल बसला की गाडी बसलेल्या बैलाच्या बाजूलाच वळणार. विमानाचंही तसंच. चालू इंजिन आपली बाजू पुढे रेटतं, नाक बंद इंजिनाकडे फिरतं आणि वेग कमी असेल तर तोच पंख खाली जाऊन विमान उलटतं. ते सरळ ठेवायचं तर पायलटने एक पाय रडरच्या (शेपटीवरच्या सुकाणूच्या) पेडलवर गच्च दाबून हातांनी कंट्रोल धरून ठेवायचं. सोडलं की काही सेकंदांत खेळ खलास. म्हणजे बाकीच्यांना दारापर्यंत जायला जी सेकंदं लागतात, ती पायलटने खुर्चीत बसूनच द्यायची असतात.

माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं उदाहरण दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बॉम्बर पायलटचं, लेस्ली मॅन्सरचं. जन्म ११ मे १९२२, नवी दिल्ली. वडील इथल्या पोस्ट आणि तार खात्यात इंजिनिअर, त्यामुळे पोरगा काही काळ दार्जिलिंगजवळच्या कुर्सियाँगच्या शाळेत होता. पुढे इंग्लंड. लष्कराने नाकारलं, नौदलाने नाकारलं, १९४० मध्ये हवाई दलाने घेतलं. पुढच्या वर्षी तो ५० व्या स्क्वाड्रनमध्ये आला.

३० मे १९४२ च्या रात्री ब्रिटिशांनी जर्मनीतल्या कोलोनवर हजाराहून जास्त बॉम्बर पाठवले. आकडा गाठायला प्रशिक्षणाची विमानंसुद्धा काढली होती. मॅन्सरच्या वाट्याला मँचेस्टर जातीचं विमान आलं. दोनच इंजिनं, तीही रोल्स-रॉइसची बदनाम ‘व्हल्चर’. वायुदल ही जातच मोडीत काढायला निघालं होतं. तिच्याच सांगाड्यावर चार भरवशाची इंजिनं बसवून पुढे लँकेस्टर झालं. एका इंजिनावर भरलेलं मँचेस्टर उंची टिकवू शकत नसे. हे लक्षात ठेवा.

शहराजवळ सर्चलाइटने धरलं. तरी ७,००० फुटांवरून त्याने बॉम्ब टाकले. (खाली झोपलेल्या शहरात त्या रात्री साडेचारशेच्या वर माणसं मेली. मॅन्सरबद्दल लिहिताना हे गाळू नये असं मला वाटतं.) मग तोफा चुकवत तो हजार फुटांच्याही खाली आला. शेपटीकडचा गनर जखमी, केबिनमध्ये धूर. तेव्हाच सगळ्यांनी उड्या मारल्या असत्या तर सगळे वाचले असते, पण पकडलेही गेले असते. त्याने विमान पुन्हा २,००० फुटांवर चढवलं. तिथे डावं इंजिन पेटलं. आग विझायला दहा मिनिटं लागली. इंजिन गेलं ते गेलंच, पंखही जळला.

बेल्जियमवर आल्यावर विमान हातात राहीना. त्याने उड्या मारायचा हुकूम दिला. सहवैमानिक सार्जंट बेव्हिस्टॉक त्याला पॅराशूट द्यायला गेला. मॅन्सरने हातानेच नको म्हटलं: लगेच उडी मार, मी अजून काही सेकंदच धरू शकतो. बेव्हिस्टॉक इतक्या खालून उडाला की पॅराशूट धड उघडलंही नाही. पाणी भरलेल्या चरात पडला म्हणून वाचला. ब्री गावाजवळ विमान आपटून पेटलं. मॅन्सरला विसावं वर्ष पूर्ण होऊन वीस दिवस झाले होते.

बाकीचे सहाही जिवंत राहिले. नॅव्हिगेटर कैदेत गेला. उरलेल्या पाच जणांना बेल्जियन लोकांनी लपवलं आणि ‘कॉमेट’ नावाच्या गुप्त साखळीने फ्रान्स, पिरेनीज डोंगर, जिब्राल्टर असं करत इंग्लंडला पोचवलं. त्यांनी परत येऊन सांगितलं म्हणूनच ऑक्टोबर १९४२ मध्ये मॅन्सरला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक जाहीर झालं. किती विमानांत असंच घडलं असेल आणि सांगायला कुणी उरलंच नसेल! ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडचे ५५,००० हून जास्त वैमानिक आणि क्रू त्या युद्धात गेले.

पायलटच शेवटी राहतो हा काही सगळीकडचा नियम नाही. मामांच्या कॅनबेराच्या बी-आय-५८ प्रकारात पायलटला इजेक्शन सीट (माणसासकट विमानाबाहेर उडणारी खुर्ची) होती आणि पुढे नाकात बसणाऱ्या नॅव्हिगेटरला नव्हती. त्याने बाजूच्या दाराने स्वतः बाहेर पडायचं. मामा म्हणायचे, त्या दाराची कडी तपासताना आम्ही एकमेकांशी बोलत नसू.