ब्रिटनचा १९१३ चा 'मांजर-उंदीर कायदा' म्हणजे नेमकं काय?

मताधिकारासाठी लढताना तुरुंगात गेलेल्या स्त्रिया अन्नत्याग करायच्या. जुलै १९०९ मध्ये मॅरियन वॉलेस डनलॉप यांनी सुरुवात केली. ९१ तासांनी त्यांना सोडावं लागलं. मग सप्टेंबरपासून सरकारने जबरदस्तीने अन्न घालायला सुरुवात केली. हातपाय धरून ठेवायचे, नाकातून नाहीतर तोंडातून रबरी नळी आत सारायची आणि वरून दूध, अंडं असं पातळ अन्न ओतायचं. याला उपचार म्हणत, पण तो निव्वळ छळ होता! त्यावरून टीकेची झोड उठली, तेव्हा गृहमंत्री मॅकेना यांनी एप्रिल १९१३ मध्ये हा कायदा आणला. उपाशी कैदी खंगली की सोडायची, जरा सावरली की पुन्हा आत टाकायची. स्त्रियांच्या मताधिकार चळवळीच्या नेत्या एमेलिन पँकहर्स्ट यांना असं कितीदा तरी सोडलं आणि पुन्हा पकडलं.