एफडीचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

मुलुंडच्या एका वाचकांनी लिहिलंय: वय ५९, चार महिन्यांनी साठी आणि निवृत्ती. पीएफ, ग्रॅच्युइटी, जुन्या ठेवी मिळून ६५ लाख. घरखर्च महिना ४५ हजार, पेन्शन नाही. पैसे एफडीत ठेवू की पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत? ता. क. : बँकेतल्या मॅडमनी सुचवलेला विमा प्लॅन घेतलाय. वर्षाला ४ लाख, १० वर्षं. १५ वर्षांनी हमखास ७० लाख. पॉलिसी हातात पडून १९ दिवस झाले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. ज्येष्ठ नागरिक योजनेत ३० लाखांची मर्यादा पूर्ण वापरा. सध्या ८.२ टक्के मिळतात, आणि खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं टिकतो. माझी झोप उडाली ती तुमच्या ता. क. मुळे.

त्या ३० लाखांचे महिन्याला साडेवीस हजार येतील. उरलेल्या ३५ लाखांवर सात टक्के धरले तर वीस हजार. म्हणजे साडेचाळीस हजार आले आणि पंचेचाळीस गेले. पहिल्याच महिन्यात तूट असताना तुम्ही महिना ३३ हजारांचा हप्ता गळ्यात बांधून घेतलाय! अजून नऊ हप्ते, ३६ लाख. ते मुद्दल मोडूनच भरावे लागतील.

आणि मिळणार काय? चाळीसचे सत्तर ऐकायला मोठे वाटतात, पण पंधरा वर्षांच्या हिशेबात परतावा पडतो साधारण सव्वापाच टक्के. महागाई सहा टक्के धरली तर ते ७० लाख आजच्या भावात २९ लाख. कर वाचेल असं सांगितलं असेल, तर निवृत्तीनंतर तुमचं उत्पन्न पाच लाखांच्या आत. नव्या कर पद्धतीत त्यावर कर लागतच नाही. साठीच्या माणसाला दहा वर्षांचे हप्ते विकणं मला अक्षम्य वाटतं.

पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. तुमच्याकडे अकरा दिवस आहेत. अर्ज बँकेला नाही, विमा कंपनीला द्या, लेखी, आणि पोच घ्या. स्टँप ड्यूटी, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची किरकोळ रक्कम कापून बाकी पैसे परत मिळतात. मॅडम 'एक वर्ष तरी ठेवा' म्हणतील. ऐकू नका. कंपनीने टाळाटाळ केली तर आधी तिच्याच तक्रार विभागाकडे लेखी तक्रार, मग विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. मुलुंडसाठी त्याचं कार्यालय ठाण्याला आहे.

बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की बिल्डरकडून कॉर्पस, म्हणजे एकरकमी पैसे मिळतील, असंही तुम्ही लिहिलंय. करारनामा रजिस्टर होईपर्यंत ती रक्कम शून्य धरा. टॉवर झाला की मेंटेनन्सही वाढतो, तो मात्र आत्ताच धरा.

आता महागाई. आजचे ४५ हजार बारा वर्षांनी ९० हजार होतील, व्याज मात्र तेवढंच राहील. म्हणून त्या ३५ लाखांतले पंधरा लाख हायब्रिड फंडात (शेअर आणि रोखे दोन्ही असलेला म्युच्युअल फंड) ठेवा आणि आठ-दहा वर्षं हात लावू नका. त्या पंधरा लाखांचं व्याज थांबेल आणि तूट तेरा हजारांवर जाईल, हे खरं. ती भरायला निदान तीन वर्षं अर्धवेळ काम बघा. ऑफिसचं मेडिक्लेम संपण्याआधी दोघांचं स्वतंत्र घ्या.

पण हे सगळं पुढच्या महिन्यात केलं तरी चालेल. पॉलिसीचा अर्ज उद्या सकाळी.