माझ्या आरव्ही-६ या किटमधून बांधलेल्या छोट्या विमानात बसचा (सगळ्या उपकरणांना वीज वाटणाऱ्या पट्टीचा) व्होल्टेज नाचतो. जुनी गोल घड्याळं काढून काचेचं, म्हणजे स्क्रीनचं, पॅनल बसवलं तर हा त्रास जाईल का? आणि कुठलं बसवू?

नाही, जाणार नाही. उत्तर एवढंच आहे. पुढचं वाचायचं असेल तर चहा घेऊन बसा.

तुम्ही लिहिलंय की विमान दुसऱ्या कोणी बांधलेलं आहे, तुम्ही ते विकत घेतलंय, व्होल्टेज १३.६ ते १४.८ असा थरथरतो, दिवे लावले की जास्तच, आणि हँगरमधली मंडळी सांगतायत, "जुनं सगळं उपसून टाक, स्क्रीन बसव, कटकट मिटेल." ते "कटकट मिटेल" माझ्या वर्मी लागलं. तुमची मंडळी स्क्रीनला औषध समजतात. मी आठ महिने तिला रोग समजत होतो. अक्कल दोन्हीकडे सारखीच.

आमचं विमान आरव्ही-७ए. मी आणि माझा भागीदार (नाव नको, तो इथे वाचतो) अशा दोघांनी मिशिगनमध्ये सात वर्षं शनिवार-रविवार घालून बांधलं. २००९ साली उडालं. पत्रा आणि रिव्हेट त्याच्याकडे, वीज माझ्याकडे. मी सांगलीच्या वालचंदचा इलेक्ट्रिकलवाला, तो सॉफ्टवेअरवाला. वायरिंगला त्याने हात लावायचा नाही हे न बोलता ठरलेलं होतं. न बोलता म्हणजे, मी एकदाच बोललो होतो.

पॅनल तेव्हा सगळं गोल घड्याळांचं. तेलाच्या तापमानाचं घड्याळ केशनळीचं (बारीक बंद नळीतल्या दाबावर चालणारं), दाबाची नळी थेट इंजिनापासून घड्याळात. दोन्हींत विजेचा संबंध नाही, फार तर आतला दिवा. दहा वर्षांत तक्रार एकच: स्टार्टर जरा मरगळलेला. मी म्हणायचो, मिशिगनची थंडी. जुलैतही तो तसाच फिरायचा, पण जुलैत थंडीला बोल लावता येत नाही, म्हणून बॅटरीला लावायचो.

१ जानेवारी २०२० पासून इथल्या बहुतेक गजबजलेल्या हवाई हद्दीत एडीएस-बी आउट (विमानाची जागा आपोआप प्रसारित करणारं उपकरण) सक्तीचं झालं. त्यासाठी २०१९ मध्ये पॅनल उघडणं भागच होतं. भागीदार म्हणाला, "उघडतोच आहोत तर सगळंच बदलू." व्हॅक्यूम पंप, गायरो, नळ्या, सगळं निघालं. दोन टचस्क्रीन आल्या. हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, त्याने एका दुकानातून तयार करून मागवला. मला न विचारता नाही, विचारूनच, पण मी "हो" कसं म्हटलं ते मलाच ठाऊक.

नंतरची तिसरी-चौथी फेरी. संध्याकाळ, उतरायच्या तयारीत लँडिंग लाइट लावले, आणि तेलाचं तापमान १९० फॅरनहाइटवरून टपकन २१५ वर. दिवे बंद केले, पुन्हा १९०. लायकॉमिंगची लाल रेघ २४५ ला असते, म्हणजे धोका अजून लांब होता, पण पोटात गोळा आलाच. खाली उतरल्यावर मी जाहीर केलं की दुकानाच्या हार्नेसमध्ये घोळ आहे.

भागीदार तिथेच पंखाला टेकून म्हणाला, "सात-साडेसात लिटर तेल एका सेकंदात पंचवीस अंश तापेल कसं? आणि स्क्रीनला काय माहीत तू दिव्याचा स्विच दाबलास? दिवा आणि तेल, या दोघांत सामाईक काय आहे ते शोध."

मी म्हणालो, "तू कोड लिही."

पुढच्या आठ महिन्यांत मी काय काय केलं? तेलाचा सेन्सर बदलला. पॅनल दोनदा बाहेर काढलं, दोन्ही वेळा त्याच्या सुट्टीच्या दिवशी. हार्नेस दुकानाकडे परत पाठवला. त्यांनी तपासून "ठीक आहे" असं सांगून परत केला, तर मी त्यांच्याशी फोनवर भांडलो. नवी बॅटरी आणली. मग १०० वॅटचे दोन हॅलोजन काढून एलईडी लावले, आणि उडी पंचवीसवरून पाच अंशांवर आली! मी बायकोला सांगितलं की सापडलं. डिसेंबरात पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर) चालू केला आणि तेल पुन्हा २१० ला. एलईडी प्रवाह कमी खातात, म्हणून रोग तसाच राहून फक्त लक्षण बारीक झालं होतं. हे मी शिकवायला हवं अशा वयात शिकलो.

सापडलं ते थ्रॉटलमुळे, म्हणजे इंजिनाच्या अ‍ॅक्सिलरेटरमुळे. खटका जड झाला होता. तेल सोडलं, फरक नाही. काउल (इंजिनावरचं झाकण) उघडून केबलचं टोक बघितलं तर आवरण तपकिरी, भाजल्यासारखं. थ्रॉटलची केबल भाजते कशाने? तिच्यातून वीज गेल्याशिवाय नाही. आणि तिच्यातून वीज जाते ती हक्काचा रस्ता बंद असेल तेव्हाच.

इंजिन रबराच्या गाद्यांवर बसतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने अधांतरी. स्टार्टर दोनेकशे अँपियर ओढतो, ते इंजिनाच्या धडातून बॅटरीच्या ऋण टोकाला परत यायला एकच वाट: क्रँककेसपासून (इंजिनाच्या धडापासून) फायरवॉलपर्यंतची (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या पत्र्यापर्यंतची) तांब्याची विणलेली पट्टी. आम्ही तिला वेणी म्हणतो. अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरणाऱ्या जनित्राचा) प्रवाहही त्याच वेणीतून फिरतो. ती कुचकामी झाली की वीज थ्रॉटल आणि मिक्स्चरच्या (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या) केबलमधून वाट काढते.

मीटरची एक तार क्रँककेसला, दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला. स्टार्टर फिरताना २.४ व्होल्ट. बारा व्होल्टच्या बॅटरीतले अडीच व्होल्ट वाटेतच गायब, आणि मी दहा वर्षं थंडीला शिव्या घालत होतो. इंजिन चालू, एकूण भार २५ अँपियरच्या आसपास असताना ०.३ व्होल्ट. म्हणजे इंजिनाचं धड विमानाच्या धडापेक्षा ०.३ व्होल्ट खाली. सेन्सरचं अर्थिंग इंजिनाच्या धडावर, स्क्रीन मोजणार विमानाच्या धडापासून. आमचा सेन्सर असा की तेल तापलं की त्याचा रोध कमी होतो, व्होल्टेज उतरतो. स्क्रीनला व्होल्टेज उतरलेला दिसला, तिने तापमान चढवून दाखवलं. तिने तिचं काम चोख केलं. केशनळीच्या घड्याळाला हे कधी कळणंच शक्य नव्हतं, म्हणून दहा वर्षं झाकली मूठ.

आता वेणी का बिघडली ते. २००९ च्या वसंतात विमान ऑशकोशच्या विमानमेळ्याला न्यायचं म्हणून मी फायरवॉलला पांढरा इपॉक्सी रंग मारला. काउल काढून ठेवलं की लोक वाकून बघतात ना. आणि त्या रंगावरच वेणीचा लग (टोकाची धातूची कडी) आवळला. शिवाय बॅटरीच्या ऋण केबलचा पितळी बोल्ट एकीकडे, वेणीचा बोल्ट वीतभर लांब, मधे फायरवॉलचं स्टेनलेस स्टील, ज्याचा रोध तांब्याच्या साधारण ४० पट. रंग, मग गंज, मग तेलाचा थर. मीच मारलेला रंग, मीच आवळलेला बोल्ट.

आणि हो, पहिल्याच आठवड्यात मी ती वेणी मीटरच्या कंटिन्युइटीवर (जोड असला की वाजणाऱ्या चाचणीवर) तपासली होती. "पीं" वाजलं होतं. पीं वाजायला मिलिअँपियर पुरतो. केसाएवढा स्पर्श असला तरी वाजतं. त्यावर विसंबून अर्थिंग ठीक आहे म्हणणाऱ्याच्या हातातून मीटर काढून घ्यावा, माझ्यासकट. जोड तपासायचा तर त्यातून खरा प्रवाह वाहत असताना दोन टोकांमधला व्होल्टेज मोजायचा.

वेणी बॅटरीच्याच पितळी बोल्टवर आणली, रंग खरवडून धातू चकाकवला, दातेरी वॉशर घातला. तेवढ्याच भाराला ०.०२ व्होल्ट. स्टार्टर असा फिरला की मी दचकलो. थ्रॉटलची केबल बदलावी लागली. वॉशरचा खर्च तीन डॉलर.

तर तुमचं. तुमचा थरथरणारा काटा हा बहुधा वेगळ्या जागचा पण याच जातीचा आजार आहे. अल्टरनेटरचा व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरला बसचा व्होल्टेज जिथून कळतो ती तार सहसा फील्डच्या (अल्टरनेटरच्या चुंबकी वेटोळ्याच्या) ब्रेकरमधून आणि अल्टरनेटर स्विचमधून येते. या वाटेतला एखादा स्पेड कनेक्टर ढिला झाला, किंवा जुना स्विच आतून झिजला, की रेग्युलेटरला बस आहे त्याहून खाली दिसतो. तो फील्ड वाढवतो, फील्ड वाढला की त्याच तारेतली घट वाढते, आणि तो स्वतःच्याच शेपटीमागे धावत सुटतो. इंजिन बंद ठेवून मास्टर आणि अल्टरनेटर स्विच चालू करा, बस आणि ती तार रेग्युलेटरच्या ज्या पिनला लागते ती पिन यांच्यात मोजा. ०.१ च्या आत हवं. ०.२ च्या वर असेल तर बस ते ब्रेकर, ब्रेकर ते स्विच, स्विच ते पिन, असा एकेक टप्पा धरा. माझा संशय स्विचवर. नवी स्क्रीन बसवून हा स्विच तसाच राहिला तर तुम्हाला तोच नाच रंगीत दिसेल.

कुठलं पॅनल? डायनन घ्या नाहीतर गार्मिन घ्या. तुमच्या हँगरच्या रांगेत ज्याचं जास्त चालतं ते घ्या, म्हणजे रात्री नऊ वाजता दार ठोठावता येईल. यावर पानंच्या पानं वाद घालणाऱ्यांना उडायला वेळ कधी मिळतो कोण जाणे. एकच अट: बस मेली तरी स्वतःच्या बॅटरीवर चालेल असं एक तरी उपकरण हवं. मॅग्नेटोमीटर (स्क्रीनचा होकायंत्राचा सेन्सर) स्टीलपासून आणि जाड तारांपासून लांब. हेडफोनचे जॅक पत्र्यापासून वॉशरने अलग केले नाहीत तर अल्टरनेटर कानात गात बसेल. मोटारीची पीव्हीसी वायर आत सापडली तर मात्र उपसाच. जळली की तिच्या धुराने कॉकपिटमध्ये श्वास घेता येत नाही.

भागीदाराचं म्हणणं अजून असं की स्क्रीन आली नसती तर तुला ते जन्मात सापडलं नसतं. माझं म्हणणं, पॅनल उघडायच्या आधी पंधरा मिनिटं मीटर धरला असता तर तेव्हाच सापडलं असतं, आणि तो धरू न देण्याची घाई त्याची होती. हे पूर्ण खरं नाही. घाई दोघांचीही होती, मीटर माझ्या खोक्यात होता. सामाईक काय ते शोध, हे त्याने पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं, ते बरोबर होतं, आणि हे मी इथे लिहितोय कारण फोनवर मला ते अजून नीट म्हणता आलेलं नाही. त्याने त्याचा निम्मा हिस्सा मला विकला आणि सेसना घेतलं. गोल घड्याळांचं!

राहिलेल्या सूचना. अल्टरनेटर आतल्या रेग्युलेटरचा असेल तर वरची पिन बाहेर मिळणार नाही, मग फील्डच्या पुरवठ्याची तार तपासा. तुम्ही भारतात असाल तर विमानात काही बदलण्याआधी डीजीसीएचं (तिथल्या हवाई नियामकाचं) बघा, मी अमेरिकेतलं लिहिलंय. स्टॅटिकची (बाहेरच्या हवेचा दाब उपकरणांपर्यंत नेणारी) नळी उघडलीत तर गळतीची तपासणी पुन्हा. आणि स्टार्टर फिरवून मोजताना मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारी यंत्रं) बंद, मिक्स्चर कट, मीटरच्या तारा चिमट्यांनी लावून कॉकपिटमध्ये ओढलेल्या, प्रॉपेलरच्या आसपास कोणी नाही. मॅग्नेटोची पी-लीड (त्याला बंद करणारी तार) तुटलेली असली तर स्विच बंद असूनही ठिणगी पडते. ती आधी तपासा, मग बाकीचं. आकडे आले की इथेच खाली टाका: बस ते पिन किती, आणि क्रँककेस ते बॅटरी किती.