वाचक विचारतात : रांगेतलं अंतर आणि खिडकीतला रुमाल

प्रश्न : पुण्याहून सोलापूरला परत आले. इथं बँकेत, औषधाच्या दुकानात मागचा माणूस पाठीला टेकूनच उभा राहतो. पुढे जागा सोडली की कुणीतरी मधे शिरतं आणि वर म्हणतं, 'लाईनीत होता व्हय?' अंतर ठेवायचं तरी किती? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : 'लाईनीत होता व्हय?' हा बऱ्याचदा खरा प्रश्न असतो. आपल्याकडे रांगेत असल्याची खूण म्हणजे पुढच्याला धरून उभं राहणं. दोन फूट जागा सोडली की रांग तिथंच संपली असं समजतात.

एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने 1966 साली अंतरांची मापं मांडली : दीड फुटापर्यंत अगदी जवळची माणसं, चार फुटांपर्यंत ओळखीची, बारा फुटांपर्यंत कामापुरती. पण ती मुख्यतः तिथल्या मध्यमवर्गाला पाहून काढलेली. ती पट्टी इथल्या काउंटरला लावली तर नंबर संध्याकाळीच लागेल.

पुढे फूटभर जागा ठेवा, त्याहून जास्त नको. सरळ पाठ करून न राहता जरा तिरकं उभं राहा. मागच्याला तुमचा खांदा आणि अर्धा चेहरा दिसला की तो आपोआप मागे सरकतो. पाठीला टेकणारे चेहऱ्याला टेकत नाहीत. पिशवी मागच्या बाजूच्या हातात धरा. सिद्धेश्वरांच्या जत्रेत, म्हणजे गड्ड्याच्या गर्दीत, खांद्याला खांदा घासला तरी कुणी चिडत नाही, कारण तिथं सगळे एकाच दिशेला बघत असतात आणि सरकायला जागाच नसते. मोकळ्या जागेत चिकटलेला माणूस मात्र खटकतोच.

आल्याआल्या मोठ्याने विचारा, 'शेवटचं कोण?' उत्तर देणारा तुमचा साक्षीदार होतो. कुणी घुसलंच तर 'दिसत नाही का?' म्हणू नका, वाद तिथंच पेटतो. 'मामा, ह्या अक्कांच्या मागं मी हाय' एवढं पुरतं.

एटीएमला मात्र एवढं जवळ उभं राहायची सवलत नाही. कुणी आत आलं तर पिन दाबायच्या आधी थांबा, 'काका, दोन मिनिटं बाहेर थांबता का?' म्हणा. ऐकलं नाही तर कॅन्सल दाबून कार्ड काढून घ्या. एप्रिल-मेमध्ये निम्मे लोक नुसते एसीसाठी आत येतात, तेव्हा सूर गोड ठेवा. पिन दाबताना दुसरा तळहात आकड्यांवर धरायचाच, मागे कुणी असो वा नसो.

प्रश्न : अक्कलकोटच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा आपली होते का?

उत्तर : नियमाने नाही, रिवाजाने होते. आरक्षणाच्या तिकिटापुढे रुमाल चालत नाही. बाकी वेळी एका रुमालाला एक जागा. एका गमछ्यात तीन जागा धरणाऱ्याशी भांडलात तर बस तुमच्याच बाजूची असते. पिशवीला मान जास्त, वर्तमानपत्राला सगळ्यात कमी, कारण ते कुणीही विसरून जातं. वाहक तिकिटं फाडत त्या बाकापाशी आला आणि मालक अजून आला नाही, तर शेजारच्याला विचारून बसा. रुमाल खाली टाकू नका, बाकाच्या दांडीवर ठेवा. मालक आला तर पुढचं बोलणं निम्म्यावर येतं.